डोंगरात पाणी नेमकं किती मुरतं? दरडीचा अंदाज चुकतो तो इथेच

तारखा ओळीने लावून बघा. माळीण, ३० जुलै २०१४. तळिये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. महाराष्ट्राबाहेर वायनाडमधलं मुंडक्कई आणि चूरलमला, ३० जुलै २०२४. थोडं मागे गेलं तर महाड तालुक्यातली जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते ही गावं, २००५ च्या जुलैचा शेवटचा आठवडा.

पाऊस जूनमध्येही कोसळतो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही कोसळतो. मग पश्चिम घाटातल्या इतक्या मोठ्या दरडी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातच का? अपवाद आहेत. वायनाडमध्येच पुथुमलाची दरड ८ ऑगस्ट २०१९ ला कोसळली. पण फरक पडला तो आठ-दहा दिवसांचाच.

याचं कारण आभाळात शोधून सापडत नाही, ते जमिनीखाली आहे. जुलै अर्धा सरला की डोंगराचं पोट पाण्याने भरत आलेलं असतं. त्यानंतर पडणारा प्रत्येक मिलिमीटर जूनमधल्या मिलिमीटरपेक्षा जास्त धोक्याचा असतो. आणि आपल्याकडची धोक्याची गणितं मात्र अजून 'चोवीस तासांत पाऊस किती पडला' या एकाच आकड्याभोवती फिरतात.

आकडा सांगितला जातो, पण तो काय सांगतो?

दुर्घटना घडली की दुसऱ्या दिवशी एक आकडा येतो. इर्शाळवाडीच्या वेळी विधिमंडळात सांगण्यात आलं की १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या परिसरात ४९९ मिमी पाऊस झाला. माळीणच्या वेळी आदल्या दिवशी परिसरात सुमारे १०८ मिमी पाऊस झाल्याची नोंद सांगितली गेली. तळियेच्या वेळी तर शेजारच्या महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिमी इतका प्रचंड पाऊस झाला.

आता हे तीन आकडे शेजारी ठेवा. हवामान विभागाच्या भाषेत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे 'जोरदार', त्यापुढे २०४.४ पर्यंत 'अति जोरदार' आणि २०४.५ च्या वर 'अत्यंत जोरदार' पाऊस. म्हणजे माळीणचा १०८ मिमी हा आकडा या पट्टीवर तळाच्या पायरीवरच राहतो. घाटमाथ्यावर असा पाऊस एका हंगामात कितीतरी वेळा पडतो आणि बाकीची गावं जागच्या जागी असतात. तरीही १५१ माणसं गेली. गाव दिसत नाही हे सकाळच्या एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं, तेव्हा जगाला कळलं.

'अतिवृष्टीमुळे दरड कोसळली' हे वाक्य चूक नाही. पण ते 'ताप आल्यामुळे रुग्ण दगावला' असं म्हणण्यासारखं आहे. ताप कशाने आला, किती दिवस होता, रुग्णाची आधीची अवस्था काय होती, हे त्यातून कळत नाही.

दिवाळीचा किल्ला आणि सह्याद्रीचा उतार

दिवाळीत मातीचा किल्ला केलेल्या कुणालाही यामागचं शास्त्र अर्धं ठाऊक असतं. कोरड्या मातीचा बुरूज उभा राहत नाही, ढासळतो. माती थोडी ओली केली की कडा उभ्या राहतात. आणि पाणी जास्त झालं की तोच बुरूज हळूच खाली बसतो.

ओल्या मातीत कणांच्या मध्ये थोडं पाणी आणि थोडी हवा असते. ते थोडं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. पण सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ही ओढ संपते आणि उलटं काम सुरू होतं. पाणी कणांना आतून ढकलायला लागतं. वरच्या मातीचं वजन कणांनी कणांवर टेकण्याऐवजी काही प्रमाणात पाण्यावर टेकतं. कण एकमेकांवर जितके कमी दाबले जातात, तितकं त्यांच्यातलं घर्षण कमी. उतार तर या घर्षणावरच उभा असतो. पाण्यामुळे माती जड होते हेही खरं, पण मुख्य घात वजनाने होत नाही, या आतल्या दाबाने होतो.

अभियंते याचं एक साधं गुणोत्तर काढतात. मातीला धरून ठेवणारी ताकद भागिले तिला खाली ओढणारी ताकद. उत्तर एकच्या वर असेल तर उतार उभा, एकच्या खाली गेलं तर कोसळला. याला सुरक्षा गुणांक म्हणतात.

उदाहरणादाखल एक उतार घेऊ. चढ ३५ अंशांचा, खाली कातळ, त्यावर तीन मीटर जाडीची मध्यम चिकट माती. आत पाणी साचलेलं नसताना या उताराचा गुणांक साधारण १.१२ येतो. म्हणजे उभा आहे, पण काठावरच. कातळावर अर्धा मीटर पाणी साचलं की तो १.०५ होतो. एक मीटर साचलं की ०.९८. संपलं. तीन मीटरचा अख्खा थर भरायची गरजच पडत नाही. तळाशी कमरेइतकं पाणी साचलं तरी पुरतं.

आता हे एक मीटर पाणी साचायला पाऊस किती लागतो? इथे जून आणि जुलैचा फरक कळतो. मातीत पोकळ जागा असते. जूनच्या सुरुवातीला समजा एकूण घनफळाच्या वीस टक्के जागा रिकामी आहे. मग एक मीटर थर भरायला २०० मिमी पाणी आत जायला हवं. जुलैच्या मध्यापर्यंत त्यातली बरीचशी भरली आणि पाच टक्केच उरली, तर त्याच एका मीटरला ५० मिमी पुरतं. उतार तोच, माती तीच, चौपट कमी पाऊस.

म्हणून माळीणच्या १०८ मिमीला एकटं बघून काही कळत नाही. आधीच्या दिवसांत डोंगराने किती पाणी पोटात घेतलं होतं, हे त्यासोबत बघावं लागतं.

पडलेलं पाणी आणि मुरलेलं पाणी

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. १०० मिमी पाऊस एक हेक्टरवर पडला तर दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. पण हे सगळे टँकर डोंगराच्या पोटात रिकामे होत नाहीत. काही पाणी ओढ्यांतून वाहून जातं, काही झाडापानांवर राहतं. दरडीच्या हिशेबात धरायचं ते आत गेलेलं पाणी.

माती पाणी किती वेगाने पिते, याला मर्यादा असते. समजा एक उतार तासाला २० मिमी पाणी मुरवू शकतो. त्यावर दोन तासांत २०० मिमी कोसळला, तर ढोबळमानाने ४० मिमी आत आणि १६० मिमी वाहून खाली. तोच २०० मिमी पाऊस तासाला दहा मिमीच्या हिशेबाने वीस तास संथ पडत राहिला, तर जवळजवळ सगळा आत. बातमीत दोन्ही दिवशी आकडा एकच, '२०० मिमी'. ढगफुटीसारखा पाऊस निरुपद्रवी असतो असा याचा अर्थ नाही. तो नाले खरवडतो, दगडमाती सोबत घेऊन निघतो. वायनाडमध्ये चिखल-दगडांचा लोंढा नदीच्या पात्रातून काही किलोमीटर खाली गेला. पण उतार आतून पोखरायचं काम संततधार जास्त चोख करते. घाटातला म्हातारा माणूस सरीपेक्षा झडीला जास्त घाबरतो, ते उगाच नाही.

हे मुरणं मोजायची गणितं जुनी आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन आणि अ‍ॅम्प्ट यांनी १९११ मध्ये एक सोपं सूत्र मांडलं. कोरडी माती आधी अधाशासारखं पाणी पिते, मग ओल खोल जाईल तसा वेग मंदावतो. १९३१ मध्ये लोरेन्झो रिचर्ड्‌स यांनी अर्धवट ओल्या मातीतून पाणी कसं सरकतं याचं समीकरण दिलं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने याच धाग्यावर 'ट्रिग्रस' नावाचं मॉडेल तयार केलं. त्याला तासातासाचा पाऊस, उताराचा नकाशा आणि मातीचे गुणधर्म दिले की ते नकाशावरच्या चौकोनागणिक सुरक्षा गुणांक काढून देतं. जगभर असली मॉडेलं वापरात आहेत.

गणित आहे, संगणक आहे. मग अडतं कुठे? मॉडेलला द्यायच्या आकड्यांवर.

माती पाणी किती वेगाने मुरवते हा आकडा एकाच डोंगरावर दहापट, कधी शंभरपट बदलतो. प्रयोगशाळेत डब्याएवढा नमुना नेऊन तो मोजला, तर त्यात भेगा येत नाहीत, कुजलेल्या मुळांच्या नळ्या येत नाहीत, बिळं येत नाहीत. २०१९ मध्ये कोकणातलं तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि महाराष्ट्र हसला, ते योग्यच होतं. पण नैसर्गिक उतारावर बिळं, मुळं आणि भेगा पाण्याला थेट खोल नेणारे पाइप होतात हे अगदी खरं आहे. उन्हाळ्यात तडकलेल्या जमिनीत पहिल्या पावसाचं पाणी कसं गायब होतं, ते शेतकऱ्याने बघितलेलं असतं.

त्यात माणूस भर घालतो. उतार खोदून रस्ता काढला की पायथ्याचा आधार जातो. पायऱ्या-पायऱ्यांची शेतं केली की जे पाणी वाहून गेलं असतं ते थांबतं आणि मुरतं. माळीणनंतर यंत्राने केलेल्या जमीन सपाटीकरणाकडे बोट दाखवलं गेलं, ते याच कारणाने. हा वाद पुरता मिटलेला नाही, आणि डोंगरात भात पिकवायचा तर जमीन सपाट करण्याला पर्याय काय, हा आदिवासी शेतकऱ्याचा प्रश्नही खोटा नाही. पण पाण्याचा निचरा न काढता केलेलं सपाटीकरण म्हणजे डोंगराच्या अंगावर बांधलेली उथळ तळी, हे मान्य करायला हरकत नसावी.

सह्याद्रीची स्वतःची एक खोडही आहे. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा लाल, चिकणमातीसारखा पट्टा असतो. वरून झिरपलेलं पाणी या पट्ट्यावर अडतं आणि आडवं वाहत डोंगराच्या बाजूने झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. कड्यांच्या पायथ्याशी, दोन कड्यांमधल्या सपाटीवर, वरून आलेली माती आणि दगडगोटे शतकानुशतकं साचलेले असतात. कितीतरी वाड्या नेमक्या अशाच जागी वसल्या आहेत. झऱ्याचं पाणी तिथे, भाताला लागणारी माती तिथे, बांधायला सपाट जागा तिथे. ज्या कारणांनी माणसं तिथे राहायला गेली, तीच कारणं उतार बिघडायचीही आहेत. अशा जागी वरच्या पावसाबरोबर मागून, डोंगराच्या आतूनही पाणी येतं. साध्या मॉडेलमध्ये ते धरलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट. पाऊस थांबला म्हणजे धोका संपला, असं होत नाही. वरचा दाब खोलवर पोहोचायला वेळ लागतो. थर जाड आणि माती घट्ट असेल तर तासांचे दिवस होतात. ऊन पडलं म्हणून लोक शाळेतल्या निवाऱ्यातून घरी परततात, तेव्हा डोंगराच्या आत पाणी अजून चढत असू शकतं.

मुळात पाऊस पडला किती, हेही नक्की नसतं

मुरण्याचा हिशेब राहू द्या. त्या डोंगरावर पाऊस किती पडला हे तरी माहीत असतं का?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरातली दोन केंद्रं. घाटात तर हा फरक रोजचाच आहे. महाबळेश्वरहून पाचगणी वीसेक किलोमीटर, पण वर्षाचा पाऊस तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. वाईला उतरलं की आणखी कमी. मग एका दरीत असलेल्या वाडीसाठी कुठल्या केंद्राचा आकडा धरायचा?

राज्य सरकारच्या 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं बसली. ही मोठी गोष्ट आहे. पण ती मुख्यतः शेती आणि पीकविमा डोळ्यांसमोर ठेवून. मंडळाचं ठिकाण सहसा खाली, रस्त्याला लागून असतं. दरड कोसळते ती वर, कड्याखाली, आणि वर पाऊस जास्त असतो.

उपग्रहाने हा प्रश्न सुटत नाही. पावसाच्या जागतिक उपग्रह नोंदींचा एक चौकोन साधारण दहा किलोमीटरचा असतो, त्यात अख्खी इर्शाळगडाची रांग मावते. शिवाय घाटात समुद्राकडून आलेले बुटके ढग डोंगरावर आपटून धो-धो बरसतात. उंच ढगांवरून पाऊस ओळखणाऱ्या पद्धतींना तो कमी दिसतो. रडारच्या लहरी डोंगराआड अडतात.

वेळेचा प्रश्न वेगळाच. पावसाचा सरकारी दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. माणसाने वाचायच्या पर्जन्यमापकाचा आकडा त्यानंतर कळतो. इर्शाळवाडीवर दरड आली रात्री अकराच्या आसपास. वायनाडमध्ये मध्यरात्रीनंतर. स्वयंचलित केंद्र दर काही मिनिटांनी आकडा देतं, पण तो बघून रात्री दहाला गाव हलवायचा निर्णय घेणारं कुणीतरी जागं असावं लागतं.

वायनाडचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. तिथल्या पर्जन्यमापकाच्या नोंदीनुसार ४८ तासांत ५७२ मिमी पाऊस झाला, त्यातला ३७२ मिमी शेवटच्या चोवीस तासांत. हवामानबदलाचा हात तपासणाऱ्या 'वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन' या शास्त्रज्ञांच्या गटाने मोठ्या प्रदेशाची सरासरी धरली, तेव्हा एका दिवसाचा पाऊस १४० मिमीच्या थोडा वर आला. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. एक डोंगराजवळचा, दुसरा आजूबाजूच्या शेकडो चौरस किलोमीटरचा. पण उताराच्या मॉडेलमध्ये १४० घातले तर एक उत्तर येईल आणि ३७२ घातले तर दुसरंच.

'शंभर वर्षांतून एकदा' पडणारा पाऊस

रस्ता कापताना, भिंत बांधताना, पुनर्वसनाची जागा निवडताना अभियंत्याला पुढचा विचार करावा लागतो. इथे किती मोठा पाऊस येऊ शकतो? त्यासाठी दरवर्षीचा सर्वांत मोठा पाऊस घेऊन त्यांना एक वक्र बसवतात आणि 'शंभर वर्षांतून एकदा' येणारा आकडा काढतात.

या शब्दाने फार घोळ घातला आहे. लोकांना वाटतं, २०२१ ला येऊन गेला, आता २१२१ ला येईल. याचा खरा अर्थ, दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षं टिकावं म्हणून घर बांधलं, तर त्या तीस वर्षांत तो पाऊस निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के. चारात एक. एवढ्या जोखमीवर कुणी गाडीही चालवणार नाही.

आणि नोंदी असतात किती वर्षांच्या? घाटातल्या बऱ्याच जागी तीस-चाळीस. तेवढ्यावरून शंभर वर्षांचा आकडा काढणं म्हणजे पाच सामने बघून फलंदाजाची कारकीर्द लिहिणं. महाबळेश्वरच्या ५९४ मिमीसारखी एक नोंद आली की सगळा वक्र वर सरकतो. आदल्या वर्षी 'सुरक्षित' म्हणून मंजूर झालेला उतार दुसऱ्या वर्षी त्याच सूत्राने असुरक्षित ठरतो.

त्यातून हवामान तरी जागेवर आहे का? या सगळ्या गणितात एक गृहीत दडलेलं आहे, की उद्याचा पाऊस कालच्यासारखाच असेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांसह केलेल्या २०१७ च्या एका अभ्यासात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचं दिसलं. वायनाडचा तो पाऊस हवामानबदलामुळे साधारण दहा टक्क्यांनी वाढला होता, असं वर उल्लेख केलेल्या गटाने म्हटलं. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण १.०५ वर उभ्या असलेल्या उताराला तेवढेच हवे असतात.

सगळ्यात खटकणारी बाब म्हणजे, बहुतेक वेळा हा आकडा एका दिवसाच्या पावसाचा काढला जातो. पूल आणि गटारांसाठी ते ठीक आहे. उतारासाठी तीन दिवसांचा, सात दिवसांचा, पंधरा दिवसांचा मोठ्यात मोठा पाऊस किती, हे बघायला हवं.

इशाऱ्याची रेघ कुठे ओढायची?

मातीच्या चाचण्या, मॉडेल, सगळं प्रत्येक वाडीसाठी करणं शक्य नाही. म्हणून जगभर एक आडवाट वापरतात. पूर्वी कुठल्या पावसात दरडी कोसळल्या ते बघून एक रेघ ओढायची. पाऊस रेघेच्या वर गेला की इशारा.

नेल केन या संशोधकाने १९८० मध्ये जगभरच्या दरडींवरून अशी एक प्रसिद्ध रेघ काढली. तिच्या हिशेबाने दिवसाला शंभरएक मिमी किंवा तीन दिवसांत दोनशेच्या आसपास पाऊस झाला की उथळ दरडींचा धोका सुरू. महाबळेश्वरला जुलै महिन्याचा सरासरी पाऊसच दोन हजार मिमीच्या घरात असतो. ही रेघ सह्याद्रीला लावली तर अख्खा जुलै गाव रिकामं ठेवावं लागेल. उलट कोरड्या भागातल्या टेकडीला तीच रेघ कदाचित उशिराची ठरेल. ज्या डोंगराने हजारो वर्षं एवढा पाऊस सोसला, त्याचा उंबरठा त्याच्या सवयीप्रमाणे वेगळा असतो. म्हणून ही रेघ तालुक्यागणिक काढावी लागते, आणि तिच्यात आधीच्या दहा-पंधरा दिवसांचा पाऊस धरावा लागतो.

हाँगकाँगने १९७२ आणि १९७६ च्या जीवघेण्या दरडींनंतर १९७७ मध्ये स्वतंत्र भूतंत्र कार्यालय काढलं आणि त्याच वर्षी पावसावर आधारित इशारे सुरू केले. साधारण अकराशे चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे आपले एक-दोन तालुके. त्यावर शंभराहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापक. इतक्या पैशांची तुलना रायगडच्या वाड्यांशी करणं अन्याय्य वाटेल. मग घरचं उदाहरण घ्या. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरड-दगडांमुळे झालेल्या भीषण अपघातांनंतर कोकण रेल्वेने मार्गावर स्वतः पाऊस नोंदवणारी यंत्रं बसवली. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवलीपासून थेट उडुपीपर्यंत नऊ स्थानकांवर ती आहेत. जोरदार पावसात दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायची, असा चालकांना आदेश असतो. कुठलं भारी मॉडेल नाही. जवळचा आकडा, ठरलेला नियम, आणि तो पाळायची जबाबदारी कुणाची हे स्पष्ट.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानेही देशभरातल्या दरडप्रवण भागाचे नकाशे केले आहेत, १:५०,००० या प्रमाणावर. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पन्नास मीटर. वीस-पंचवीस घरांची वाडी या नकाशावर दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच दुर्घटनेनंतर सांगितलं. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ गावाने आणि तहसीलने दोघांनीही लावला तर नवल नाही. तिथे २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. शोध थांबवून तीच जागा त्यांची समाधी मानावी लागली. शिवाय असा नकाशा सांगतो 'कुठे'. 'कधी' हे त्यात नसतं.

'कधी'साठी याच संस्थेने कोलकात्यात राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र सुरू केलं, १९ जुलै २०२४ ला. इर्शाळवाडीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी. अकरा दिवसांनी वायनाड घडलं. दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीपासून सुरू झालेले हे अंदाज तेव्हा वायनाडसाठी प्रायोगिक पातळीवर होते, आणि कुणी कुणाला कोणत्या रंगाचा इशारा दिला यावर केंद्र आणि केरळ सरकारमध्ये जाहीर जुंपली. त्या भांडणात एक गोष्ट मागे पडली. वायनाडमधल्या ह्यूम सेंटर या छोट्या संस्थेने जिल्ह्यात दोनशेच्या आसपास साध्या पर्जन्यमापकांचं जाळं उभं केलं आहे, रोजच्या नोंदी स्थानिक लोकच पाठवतात. मुंडक्कई परिसरात दरडीचा धोका असल्याचं त्यांनी आदल्या दिवशीच प्रशासनाला कळवलं होतं. काही कुटुंबं हलवलीही गेली. अडीचशेहून अधिक माणसं मात्र तिथेच होती.

इथे गणिताच्या पलीकडचा भाग सुरू होतो. जुलैचा दुसरा पंधरवडा म्हणजे भात लावणीचे दिवस. रोपं तयार, चिखल तयार, माणसं शेतात. अशा वेळी तलाठी येऊन सांगतो की आज रात्री शाळेत झोपा. शाळेत गुरांना जागा नाही. दोनदा गेले, काही झालं नाही. तिसऱ्यांदा घरातला म्हातारा जायला नाही म्हणतो. इशाऱ्याची रेघ फार खाली ओढली की असं होतं आणि फार वर ओढली की माळीण होतं. ही रेघ अचूक ठरणारच नाही. पण ती वीस किलोमीटरवरच्या केंद्राच्या एका दिवसाच्या आकड्यावर ओढायची की वाडीच्या वरच्या अंगाला बसवलेल्या पर्जन्यमापकावर, आधीच्या पंधरा दिवसांच्या बेरजेसकट, हे मात्र ठरवता येतं. उतारात भोक पाडून आतल्या पाण्याची पातळी मोजणारी नळीही काही अंतराळातलं तंत्रज्ञान नाही. विहिरीत दोरी सोडून पाणी बघण्याचाच तो प्रकार आहे. धोक्याच्या यादीतल्या मोजक्या वाड्यांवर या दोन गोष्टी बसवल्या, तर दोन-तीन पावसाळ्यांत त्या डोंगराचा स्वतःचा उंबरठा दिसू लागेल.

आणि यादीबाहेरच्या वाड्यांसाठी तोवर जुनीच लक्षणं कामाला येतात. डोंगरावर नवी भेग, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, तिरकी झालेली झाडं आणि खांब, न उघडणारी दारं. भेग दिसली की तिच्या दोन बाजूंना दोन खुंट्या मारून रोज अंतर मोजायचं, आणि अंतर वाढलं तर तहसीलच्या आकड्याची वाट न बघता त्याच दिवशी खाली उतरायचं.